हॉटेलातले काम : काय यावे लागते आणि ते कोण शिकवते?

हॉटेलात काम करायला काय यावे लागते, असे गल्ल्यावरच्या मालकाला विचारा. तो म्हणेल, नजर हवी. शेफ म्हणेल, हात हवा. मोठ्या हॉटेलाचा मनुष्यबळ विभाग 'ॲटिट्यूड' म्हणेल आणि पुढचे सगळे आम्ही शिकवू, असेही सांगेल. अन्नसुरक्षा अधिकारी काही बोलण्याआधी तुमची नखे बघेल. चौघांचेही बरोबर आहे, आणि इथेच अडचण सुरू होते. आदरातिथ्य व्यवसायातल्या ज्ञानाच्या आणि कौशल्यांच्या याद्या जगभर तयार आहेत. त्यांत पुष्कळसे सारखेच असते. ते कुठे शिकायचे, त्याची किंमत कोणी ठरवायची आणि शिकण्याचा खर्च कोणी उचलायचा, यावर मात्र अजून एकमत नाही. या लेखात मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्याच्या अनुभवावरून हा वाद आज कुठे उभा आहे ते पाहायचे आहे.

शाळेआधीच्या शाळा

कॉलेजे निघण्यापूर्वीही माणसे हे काम शिकतच होती. मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागांत गोव्यातल्या गावागावांचे 'कूड' होते. बोटीवर आचारी, बटलर, स्टुअर्ड म्हणून जाणारे गोंयकार दोन सफरींच्या मधल्या काळात तिथे उतरत. कोणत्या बोटीवर माणूस हवा आहे, कोणता चीफ कुक तापट आहे, साहेबाच्या टेबलावर काटा कुठे आणि सुरी कुठे, ही माहिती तिथे हातोहात पोचे. जुनाजाणता कुक नव्या पोराची शिफारस करी. तीच त्याची पदवी.

उडपी हॉटेलांची वाट वेगळी. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरून आलेला पोरगा मोरीवर कपबशा विसळायला लागे, मग टेबल पुसायला, मग वेटर, आणि हुशार निघाला तर गल्ल्याशेजारी. दिवसा हॉटेल आणि रात्री रात्रशाळा, असे करत शिकलेल्यांची एक पिढीच मुंबईत आहे. त्यांतले कित्येक पुढे मालक झाले. पायरीपायरीने चढण्याच्या या पद्धतीचे आजही कौतुक होते, आणि ते रास्त आहे. फक्त त्या शिडीची पहिली पायरी बहुधा बालमजुरीची होती, हे कौतुकाच्या भरात राहून जाते. १४ वर्षांखालच्या मुलांना हॉटेले, ढाबे, चहाच्या टपऱ्या यांत कामाला ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. कायद्याने जुनी पायरी काढून घेतली, पण तिच्या जागी काय ठेवायचे याचे उत्तर अजून अर्धेमुर्धेच आहे.

तिसरी शाळा गिरणगावातली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण महिन्याच्या हिशेबावर देणाऱ्या खाणावळवाल्या बायका. पन्नास माणसांचा अंदाज, पाळी सुटण्याच्या वेळेवर तयार ताट, उधारीची वही, बाजारभाव चढला की त्याच पैशांत ताट कसे भरायचे याची जुळणी, हे सगळे त्या रोज करत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेले. कर्ज मिळाले, ओळख मिळाली. पण त्यांना जे येत होते त्याला 'कौशल्य' हा सरकारी शिक्का तेव्हा नव्हता. आज तो शिक्का आहे, आणि तो किती कामाचा आहे यावर वाद आहे. त्याकडे पुढे येऊ.

कॉलेज येते

युरोपात हे शिक्षण वर्गात गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. लोझानची हॉटेलशाळा १८९३ ची. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ मध्ये अभ्यासक्रम सुरू केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच एस्कॉफिये या फ्रेंच शेफने स्वयंपाकघराची फौजेसारखी विभागणी घडवली. कॉमी, शेफ द पार्टी, सू शेफ ही आपल्या पंचतारांकित किचनमधली चढण त्याच्याच घराण्यातली.

आपल्याकडे सुरुवात झाली दादरला, १९५४ मध्ये, आणि ती पर्यटनासाठी झाली नाही. लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने ही संस्था काढली. दिवस धान्यटंचाईचे होते. याच परिषदेची 'अन्नपूर्णा' उपाहारगृहे तांदूळ-गव्हाला पर्यायी पदार्थ लोकांपुढे ठेवत होती. 'दादर केटरिंग कॉलेज' म्हणून मुंबईकर जिला ओळखतात, त्या संस्थेच्या लांबलचक अधिकृत नावात 'अप्लाइड न्यूट्रिशन' हे शब्द आजही आहेत, ते यामुळेच. हॉटेलशिक्षणाचा कारभार सुरुवातीची काही दशके अन्नखात्याकडे होता. १९८२ मध्ये तो पर्यटन खात्याकडे गेला आणि हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञानाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली.

ही केवळ खात्यांची अदलाबदल नव्हती. अन्नखात्याला पोषण, बचत आणि पंक्तीला पुरेल असा स्वयंपाक जाणणारा माणूस हवा होता. पर्यटन खात्याला पाहुणा सांभाळणारा. अभ्यासक्रमात पहिल्याचा सांगाडा राहिला आणि वर दुसऱ्याचे कपडे चढले. आज विद्यार्थी ज्या विषयांना 'हे कशाला?' म्हणून नाक मुरडतात, त्यांतल्या काहींचे मूळ इथे सापडते.

पुढे पुण्यात राज्य शासनाची संस्था, पर्वरीला गोव्याची, औरंगाबादला ताज समूहाशी जोडलेली, आणि मग खासगी कॉलेजांची रांग लागली. दरम्यान ओबेरॉय समूहाने १९६६ मध्ये स्वतःचीच शाळा काढली होती. बाहेरच्या शिक्षणावर मालकांचा पुरता विश्वास नव्हता, ही गोष्ट तेव्हापासूनची.

ज्यावर वाद नाही

वादाकडे वळण्यापूर्वी सगळ्यांना मान्य असलेला पाया पाहू. स्वच्छता, सुरक्षितता आणि कायदा हा तो पाया. बोलायला तो रूक्ष आहे, पण या व्यवसायातले सर्वांत नेमके ज्ञान इथेच आहे.

किचनमध्ये गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात जिवाणूंची चंगळ असते. कच्च्या मांसाचा कटिंग बोर्ड लाल, माशांचा निळा, भाज्या-फळांचा हिरवा. आधी आलेला माल आधी वापरायचा, आणि डब्यावर तारीख नसेल तर तो डबा उघडण्यात अर्थ नाही. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यायचे, हा नियम २०१८ पासून लागू आहे. वासावरून आणि रंगावरून तेल ओळखणारे मास्टर आजही आहेत. तपासणीला मात्र यंत्रावरचा आकडा लागतो.

हाऊसकीपिंगचे काम 'झाडलोट' म्हणून मोडीत काढले जाते, म्हणून ते जरा जवळून पाहू. दारावर टकटक करून आपली ओळख द्यायची, उत्तराची वाट बघायची, तरच आत जायचे. पडदे उघडायचे, पलंगावरच्या चादरी काढायच्या, कचरा बाहेर घ्यायचा. मग बाथरूममध्ये रसायन टाकून ठेवायचे आणि बाहेर येऊन पलंग घालायचा, म्हणजे तेवढ्या वेळात रसायन आपले काम करते. बहुतेक भारतीय हॉटेलांत टास्कीच्या बाटल्या असतात. त्यांतली आर-२ सर्वसाधारण सफाईची, आर-३ काचेची, आर-६ संडासाची. लेबल पुसले गेले तरी पोरे रंगावरून ओळखतात. पण आर-६ आम्लयुक्त आहे आणि ते ब्लीचमध्ये मिसळले तर क्लोरीन वायू निघतो, हे रंगावरून कळत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते. पुढे धूळ पुसायची ती वरून खाली आणि दारापासून एकाच दिशेने, म्हणजे काही सुटत नाही. शेवटी फरशी, आतून दाराकडे मागे सरकत. एका पाळीत अशा १४ ते १६ खोल्या, असे पाठ्यपुस्तकांतले प्रमाण आहे. ज्याने एकदा तरी हे केले आहे, तो त्याला अकुशल काम म्हणणार नाही.

क्रूझ जहाजावर हीच शिस्त आणखी कडक होते. तिथे तीन बादल्या असतात : लाल धुण्याची, करडी खंगाळण्याची, पांढरी निर्जंतुकीकरणाची. अमेरिकी आरोग्य खात्याची तपासणी झाली आणि गुण ८५ किंवा त्याखाली आले, की जहाज नापास. गोव्यातून आणि कोकणातून जहाजावर जाणाऱ्या मुलांना आग, प्राथमिक उपचार आणि समुद्रात जीव वाचवणे यांचे मूलभूत प्रशिक्षण घेतल्याशिवाय चढताच येत नाही. मग तो भांडी घासणारा असो की बारमन. जमिनीवरच्या हॉटेलांत असा दंडक नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या छतावरच्या उपाहारगृहांना आग लागली. १४ जण गेले, त्यांतले बरेचसे स्वच्छतागृहात गुदमरून. बाहेर पडण्याची वाट कुठे आहे हे सांगणे, हेही वेटरच्या कामाचे ज्ञान आहे. पण मेनू पाठ करून घेतला जातो तसे ते घेतले जात नाही.

कायद्याची यादी थोडक्यात. अन्न हाताळणाऱ्याची दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराच्या गटातील रोगांवरची लस. परवानाधारक आस्थापनेत दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत नोंद. महाराष्ट्रात २५ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाला व्हिस्की-रम नाही. लैंगिक छळासंबंधी २०१३ चा कायदा आणि दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती. यांपैकी कशालाही कोणाचा विरोध नाही. तरी हे ज्ञान पसरलेले नाही. असे का, हे लेखाच्या शेवटी येईल.

पहिला वाद : वर्ग की भटारखाना?

पहिली बाजू कॉलेजांची. त्यांचे म्हणणे असे, की हातकाम कुठेही शिकता येते, पण खर्चाचे गणित, अन्नविज्ञान, कायदा, हिशेब, लोकांकडून काम करून घेणे या गोष्टी गर्दीच्या वेळी किचनमध्ये कोणी शिकवत नाही. ताटामागे अन्नखर्च किती पडला हे ज्याला काढता येत नाही, तो कितीही चांगला आचारी असला तरी हॉटेल बुडवू शकतो. शिवाय पदवी असलेला माणूस क्षेत्र बदलू शकतो. विमान कंपन्या, रुग्णालये, बँका, मॉल हॉटेल मॅनेजमेंटची मुले आनंदाने घेतात. टीकाकार यालाच अपयश म्हणतात, कॉलेजे याला यश म्हणतात.

दुसरी बाजू मालकांची आणि जुन्या शेफांची. तीन वर्षे शिकून आलेला मुलगा दहा किलो कांदा वेळेत कापू शकत नाही, आठ तास उभा राहू शकत नाही, आणि सहा महिन्यांत त्याला व्यवस्थापक व्हायचे असते, अशी त्यांची तक्रार. ती अतिशयोक्त असेल; निराधार नाही.

दोन्ही बाजूंचा पूल म्हणून औद्योगिक प्रशिक्षण आले. अभ्यासक्रमातले चार-पाच महिने विद्यार्थी खऱ्या हॉटेलात घालवतो आणि किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाऊसकीपिंग असा सगळीकडे फिरतो. कागदावर याहून चांगली योजना नाही. प्रत्यक्षात ट्रेनी म्हणजे स्वस्त हात, ही तक्रार विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. बँक्वेटला माणूस कमी पडला की ट्रेनी तिकडे, आणि लॉगबुकात मात्र चारही विभागांच्या सह्या पूर्ण. हॉटेलांचेही ऐकले पाहिजे : दर सहा महिन्यांनी नवी तुकडी येते, तिला शिकवणारा माणूस कामातून काढावा लागतो, आणि शिकून झाल्यावर मुलगा भलत्याच ठिकाणी नोकरी धरतो. मग शिकवायचे कशाला? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आणि २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेने विद्यावेतनाचा काही भार वाटून घेण्याची सोय केली. त्यामुळे उमेदवारी वाढावी अशी अपेक्षा आहे. पण शिकवणाऱ्याच्या वेळेची भरपाई त्यात नाही.

पदवीच्या खालच्या पातळीवर पर्यटन खात्याने 'हुनर से रोजगार तक' ही योजना २००९-१० मध्ये सुरू केली. आठवी पास मुलामुलींना सहा आठवड्यांत वाढपाचे आणि आठ आठवड्यांत स्वयंपाकाचे प्राथमिक शिक्षण. समर्थकांच्या मते, हीच मोरीवरच्या पोऱ्याच्या जागी आलेली माणसासारखी पायरी. टीकाकार विचारतात, आठ आठवड्यांत माणूस चाकू धरायला शिकेल. मास्टरचा हात त्याला कधी येणार? माझ्या मते दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. दारातून आत घेणे आणि कारागीर घडवणे ही निराळी कामे आहेत, आणि पहिल्याचे बजेट दुसऱ्याच्या नावावर दाखवले की वाद होणारच.

दुसरा वाद : हात की स्वभाव?

या क्षेत्रातला सर्वांत जुना आणि सर्वांत मनोरंजक वाद हाच. १९८८ मध्ये टास या अमेरिकी संशोधकाने हॉटेलांच्या व्यवस्थापकांना विचारले, की नव्या प्रशिक्षणार्थीला काय आलेच पाहिजे? यादीत सर्वांत वर आले ते पाहुण्याची अडचण समजुतीने आणि संवेदनशीलतेने हाताळणे. त्यानंतर देशोदेशी असे अभ्यास झाले आणि उत्तर बहुतांशी तेच राहिले. उद्योगाने त्यातून काढलेला निष्कर्ष : स्वभाव बघून माणूस घ्या, काम नंतर शिकवा.

या मताचा सर्वांत गाजलेला दाखला मुंबईचाच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजमहाल हॉटेलचे कर्मचारी, मागचे रस्ते माहीत असूनही, पाहुण्यांना सोडून गेले नाहीत. रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी डिसेंबर २०११ च्या 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये याची कारणे शोधली. त्यांच्या मते रहस्य भरतीत होते. ताज समूह महानगरांऐवजी लहान शहरांतून मुले घेतो, मुंबईऐवजी पुण्यातून. गुणपत्रिकेपेक्षा वडीलधाऱ्यांविषयी आदर, आनंदी वृत्ती आणि नोकरीची गरज पाहतो. आणि इतरत्र बारा महिने चालणारे प्रशिक्षण इथे अठरा महिने चालते. (पुण्याला लहान शहर म्हटल्याबद्दल पुणेकरांनी काय म्हटले असते, ते सोडून देऊ.) हा लेख व्यवस्थापनाच्या वर्गांत हटकून शिकवला जातो. त्यातला भरतीचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो; अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा फारसा कोणाच्या राहत नाही, कारण त्याला पैसे लागतात.

दुसऱ्या बाजूने प्रश्न विचारले ते समाजशास्त्रज्ञांनी. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास करून दाखवले, की हसतमुख राहणे हेच एक श्रम आहे. आतून संताप येत असताना चेहरा प्रसन्न ठेवण्याचे काम कंपनी करून घेते. त्याची झीज होते, आणि पगारपत्रकात ती दिसत नाही. पुढे ग्लासगोतल्या वॉरहर्स्ट आणि निक्सन यांनी दिसण्या-बोलण्याच्या निकषांवर बोट ठेवले. 'पर्सनॅलिटी' बघून माणूस घेणे म्हणजे पुष्कळदा उच्चार, रंग, उंची, घरची पार्श्वभूमी बघून घेणे. मुंबईतल्या हॉटेलात मागच्या बाजूला मोरी आणि तंदूर, पुढे रिसेप्शन, आणि कोण कुठे उभा राहतो याचे उत्तर नेहमी कौशल्यात सापडतेच असे नाही. मालकांचे उत्तर असे, की गिऱ्हाइकाला जे आवडते ते आम्ही देतो. हे उत्तर खोटे नाही. पण ते 'कौशल्य' या नावाखाली मोजावे का, हा प्रश्न उरतोच.

तिसरी भूमिका टॉम बॉम या अभ्यासकांची, आणि आपल्या दृष्टीने ती सर्वांत उपयोगी. हॉटेलातली कामे 'कमी कौशल्याची' ठरवण्याची रीत पाश्चात्त्य देशांत घडली, असे ते म्हणतात. तिथला वेटर आणि गिऱ्हाईक एकाच संस्कृतीत वाढलेले असतात. बाहेर कसे खायचे, वाइन कशी मागायची, हे वेटर नोकरीला लागण्याआधीच जाणतो. विकसनशील देशात ते गृहीत धरता येत नाही. हे आपल्या मातीत पाहा. गडचिरोलीतली किंवा उत्तराखंडच्या डोंगरातली मुलगी अंधेरीतल्या हॉटेलात रुजू होते. तिने कधी बाथटब पाहिलेला नाही, पाठीवर झोपून टीव्ही बघणाऱ्या अनोळखी पुरुषाच्या खोलीत टॉवेल द्यायला जाणे तिच्या घरच्या वळणात बसत नाही, आणि पाहुणा रशियन आहे. तिने चार महिन्यांत जे अंतर कापले, ते झुरिकच्या मुलीला कापावेच लागत नाही. मग कमी कुशल कोण?

या तिन्ही भूमिकांत सरळ विजेता नाही. स्वभावाला महत्त्व आहे हे हॉकशील्डही नाकारत नाहीत. त्याची किंमत मोजा, एवढेच त्यांचे म्हणणे.

तिसरा वाद : कोणाचे स्वयंपाकघर?

अभ्यासक्रमात पाच मूळ फ्रेंच सॉस, ज्युलियन आणि ब्रुन्वाझ हे काप, मग भारतीय प्रादेशिक स्वयंपाक. फ्रेंच पद्धत कशाला, असा आक्षेप जुना आहे. तिच्या बाजूने मुद्दा असा, की ती पद्धत पदार्थांपेक्षा रचना शिकवते. पाच सॉस समजले की पन्नास करता येतात, आणि जहाजावर, आखातात, युरोपात तीच भाषा चालते. विरुद्ध बाजूचा मुद्दा : भाकरी थापणे, पुरण शिजवणे, सोलकढीचा नारळ किती पाण्यात काढायचा, हे तितकेच रचनाबद्ध ज्ञान आहे; ते कोणी लिहून काढले नाही म्हणून ते 'घरगुती' ठरले. पर्यटन खात्याने तिरुपती आणि नोएडा इथे भारतीय पाककलेच्या संस्था काढल्या, त्या या दिशेने. हा वाद हळूहळू सैल होतो आहे, कारण बाजारच फिरला आहे. मालवणी, सावजी, कोल्हापुरी जेवण पंचतारांकित हॉटेलांच्या फूड फेस्टिव्हलमध्ये येते. मात्र ते शिकवायला अनेकदा एखाद्या खाणावळीतल्या मावशींना चार दिवस बोलावले जाते आणि शेफ वही घेऊन शेजारी उभा राहतो. कॉलेजात प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक होणे मात्र नियमांत बसत नाही.

भाषा आणि तंत्रज्ञान यांवर फार बोलण्यासारखे नाही. इंग्रजी हवी, पण किती, हे जागेवर ठरते : गोव्याच्या किनारपट्टीवर मोडक्या रशियनने जे काम होते ते चांगल्या इंग्रजीने होत नाही, आणि शिर्डीच्या लॉजवर हिंदी-तेलुगू पुरते. संगणकावरचे बुकिंग, बिल, ऑर्डर हे आठवडाभरात जमते. ऑनलाइन अभिप्रायांनी मात्र एक खरा बदल केला. पूर्वी तक्रार व्यवस्थापकापर्यंत पोचायला वेळ लागे, आता ती पाहुणा खोलीत असतानाच जगाला दिसते. त्यामुळे तक्रार जागच्या जागी मिटवण्याचा अधिकार खालच्या माणसाला द्यावा का, हा प्रश्न निकडीचा झाला. बहुतेक ठिकाणी तो अधिकार अजून वरच आहे.

कौशल्य की कामाच्या अटी?

'कुशल माणसे मिळत नाहीत' हे मालकसंघटनांचे वाक्य आणि 'माणसे टिकत नाहीत' हे कामगारांचे. दोन्ही एकाच घटनेची वर्णने आहेत. ब्रेक शिफ्टमध्ये सकाळी अकराला यायचे, तीनला सुटायचे, संध्याकाळी सातला पुन्हा यायचे, शेवटचे टेबल उठेपर्यंत थांबायचे. मधले चार तास घरी जाण्याइतके मोठे नाहीत आणि झोपण्याइतके शांत नाहीत. सण जगाचे, काम यांचे. पुष्कळांचे मत असे, की इथे तुटवडा कौशल्याचा नसून अटींचा आहे. प्रशिक्षण वाढवून गळकी टाकी भरत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९१ मध्ये हॉटेल-उपाहारगृहांतील कामाच्या परिस्थितीवर स्वतंत्र करार केला. भारताने तो मान्य केलेला नाही.

पैशांचा प्रश्न सेवाशुल्काच्या वादात उघड झाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले, की बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येणार नाही. उपाहारगृह संघटना न्यायालयात गेल्या. ही रक्कम मोरीवाल्यापासून वेटरपर्यंत सगळ्यांत वाटली जाते, टिप फक्त वेटरला मिळते, हा त्यांचा एक मुद्दा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये प्राधिकरणाची बाजू उचलून धरली, त्यावर अपील झाले. ग्राहकाच्या हक्काचा मुद्दा पक्का आहे. पण चांगल्या सेवेची किंमत पगारात धरायची की गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडायची, हा मूळ प्रश्न न्यायालयापुढे नव्हता.

स्त्रियांच्या बाबतीत कायदा पुढे आहे. पंजाबच्या अबकारी कायद्यात मद्य दिले जाते तिथे स्त्रियांना नोकरीस मनाई होती. सर्वोच्च न्यायालयाने अनुज गर्ग प्रकरणात २००७ मध्ये ती रद्द ठरवणारा निकाल कायम केला. संरक्षणाच्या नावाखाली संधी काढून घेता येणार नाही, उलट कामाची जागा सुरक्षित करा, असा त्या निकालाचा रोख होता. तरी रात्री साडेबाराला सुटणाऱ्या बारटेंडर मुलीला घरी कोण सोडणार, हे बहुतेक ठिकाणी ज्याच्या त्याच्यावरच आहे.

काय सुटलेले नाही

पहिली गोष्ट मोजमापाची. पर्यटन व आदरातिथ्य कौशल्य परिषदेने प्रत्येक कामाचे निकष बांधले आणि आधीपासून काम येणाऱ्यांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. वीस वर्षे तंदूर सांभाळलेल्या माणसाला कागद मिळतो. समर्थक म्हणतात, ही सन्मानाची सुरुवात आहे. शंका घेणारे विचारतात, त्या कागदाने त्याचा पगार किती वाढला? यावर सर्वमान्य उत्तर नाही. शिवाय चाकू धरण्याची, पलंग घालण्याची परीक्षा घेता येते. दोन टेबलांपलीकडचे गिऱ्हाईक चिडायच्या बेतात आहे हे ओळखण्याची कशी घ्यायची, ते कुणालाच नीट जमलेले नाही.

दुसरी गोष्ट नियमांच्या उंबरठ्याची. दर २५ माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हा नियम परवानाधारकांना आहे. नुसती नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाला नाही. अंतर्गत समिती दहा माणसांपासून पुढे. त्याखाली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे न्यायची, आणि ती कुठे बसते हे टपरीवरच्या बाईला ठाऊक नसते. ज्यावर वाद नाही ते ज्ञान पसरत का नाही, याचे एक कारण इथे आहे. मोठ्या हॉटेलांना ते सक्तीने येते, छोट्यांना ते ऐच्छिक आहे, आणि प्रवासात आपण जेवतो ते बहुतेक छोट्यांकडे.

आणि ही छोटी बाजूच वाढते आहे. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० चे, स्त्री उद्योजकांसाठीचे 'आई' धोरण २०२३ चे. दोन्हींमुळे शेतातल्या घरांत, कोकणातल्या माजघरांत पाहुणे उतरू लागले आहेत. या घरांतली यजमान ना नोकर आहे ना विद्यार्थिनी. तिला भाकरी येते, माणूस ओळखता येतो, चुलीवर वीस जणांचे जेवण निघते. उरलेल्या माशांची आमटी किती वेळ बाहेर राहिली, विहिरीच्या पाण्याची तपासणी कधी झाली, एकट्या प्रवासी बाईच्या खोलीला आतून कडी आहे का, दारू पिऊन आवाज चढवणाऱ्या पाहुण्याला घरात लेकीसुना असताना कसे आवरायचे, याचे शिक्षण तिला कोणी द्यायचे हे ठरलेले नाही. पर्यटन विभागाच्या आणि कृषी पर्यटन संस्थांच्या दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा होतात. हॉटेल कॉलेजांचे प्राध्यापक तिथे जाऊन शिकवतात, आणि नॅपकिनच्या घड्या शिकवण्यात बराच वेळ जातो अशी यजमानांची कुरकुर असते. प्राध्यापकांचे म्हणणे असे, की आलेल्या बायकांनी स्वतःच घड्या आधी मागितल्या.